लग्नासाठी घेतलेला प्रतापनगरचा फ्लॅट आणि त्याच्या भिंतीवरचे नियम

फ्लॅट चांगला आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी नुसता ठोकायलाच बसलोय. नागपूरच्या प्रतापनगर भागात, मेन रोडपासून थोडा आत, तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. लिफ्ट आहे, दोन्ही बेडरूमला एसी, हॉलमध्ये मोठा डेझर्ट कूलर, किचनमध्ये गॅस, मिक्सर, कुकर, दोन मोठे गंज (म्हणजे पातेली), चहाची गाळणी सुद्धा (ही गाळणी कधीच कुठल्या रेंटल फ्लॅटमध्ये सापडत नाही, इथे होती, त्याचे वेगळे मार्क). भाडं दिवसाला अडतीसशे, वर साफसफाईचे आठशे एकदाच, आणि पाच हजार डिपॉझिट. मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, सात माणसांना हा भाव नागपुरात जास्त नाहीच.

आतेबहिणीचं लग्न होतं, वर्धा रोडच्या एका लॉनवर. आमच्या घरी आधीच पाहुणे खचाखच भरलेले, मग पुण्याची आणि नाशिकची मंडळी कुठं ठेवायची म्हणून हा फ्लॅट अॅपवरून घेतला आणि त्यांच्यासोबत मी पण तिथेच मुक्कामाला गेलो, कारण पुणेकरांना नागपूरच्या मे महिन्यात एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती. मालकाचं, स्कीमचं (म्हणजे इमारतीचं) आणि अॅपचं नाव मुद्दाम घेत नाही. माणूस वाईट नाही, आणि असे नियम काही त्या एकाच घरात नाहीत, मी लग्नाच्या आधी बरेच फ्लॅट चाळले तर सगळीकडे थोड्याफार फरकानं हीच कथा.

आता नियम. नियमावली आम्हाला हप्त्याहप्त्यानं मिळाली. अॅपवर पाच ओळी होत्या: सिगरेट नाही, पार्टी नाही, कुत्रं-मांजर नाही, चेक-इन दुपारी एक, चेक-आउट सकाळी दहा. कोणालाही पटेल असं. मग पैसे भरले, आणि पैसे भरल्यावर व्हॉट्सअॅपवर दोन पानांची पीडीएफ आली. आणि प्रत्यक्ष पोचलो तर दाराच्या आत लॅमिनेट केलेला कागद, त्यात पीडीएफच्या वरचे अजून काही, आणि खाली मार्करनं हातानं लिहिलेले दोन-तीन वेगळेच, "कूलरमध्ये हात घालू नये", "गच्चीवर जाऊ नये", "हळद-मेंदी लावून बेडवर बसू नये, दंड पडेल". म्हणजे अॅपवर दिसणारे नियम वेगळे आणि भिंतीवरचे वेगळे, आणि आम्ही भाव ठरवला तो अॅपवरचे वाचून.

माझी सगळी तक्रार इथेच आहे. नियम कडक असो की ढिला, तो पैसे द्यायच्या आधी सांगितला तर ती अट झाली. मला नाही पटली तर मी दुसरा फ्लॅट पाहतो, तुमचा पण वेळ वाचतो, माझा पण. तोच नियम पैसे घेतल्यावर सांगितला, आणि तेव्हा कॅन्सल केलं तर पहिल्या रात्रीचे पैसे परत नाहीत, बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि दारात सामान घेऊन म्हातारी माणसं उभी, तर मग ती अट कसली, हा तर पेच झाला. मी नियमावलीतल्या एकेका नियमाला याच एका गोष्टीवरून मार्क देऊन राहिलो.

कूलर आणि एसीपासून सुरू करतो कारण मे महिन्यात नागपूरला दुसरा विषयच नसतो. पीडीएफमध्ये होतं: एसीचे प्रत्येक रात्रीचे तीनशे वेगळे, एका एसीला, आणि दिवसा एसी लावायचा नाही. अॅपवर मात्र सुविधांमध्ये मोठ्या अक्षरात "एअर कंडिशनर" आणि पुढे बर्फाचं चित्र. आता हिशोब बघा. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट खातो, आठ तास चालला तर बारा युनिट, बारा रुपयांनी धरलं तरी दीडशेच्या आत. म्हणजे तीनशे म्हणजे दुप्पट. दुप्पट घ्या ना भाऊ, माझी ना नाही, मशीनची झीज आहे, सर्व्हिसिंग आहे, पण ते भाड्यात धरा आणि बेचाळीसशे-चव्वेचाळीसशे भाव लावा, आम्ही तोही दिला असता. "अडतीसशे" लिहून गिऱ्हाईक ओढायचं आणि आत आल्यावर रिमोट मालकाच्या कपाटातून काढून द्यायचा, हे बरोबर नाही. रिमोट खरंच कपाटात होता, मी गंमत करत नाही, रात्री दहाला मालक, म्हणजे खालीच राहणारे काका, वर येऊन रिमोट द्यायचे आणि सकाळी न्यायचे.

दिवसा एसी नको हा नियम पुणेकरांना ऐकवला तर मावशीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांना वाटतं ऊन म्हणजे ऊन. इथे २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदलेलं आहे, आणि २०२४ च्या मे महिन्यात तर एका ऑटोमॅटिक स्टेशननं ५६ दाखवलं, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. नागपूरकरांना मात्र ते ५६ एक-दोन दिवस अगदी खरं वाटलं होतं, कोणालाच शंका आली नाही. तर अशा गावात दुपारी बारा ते पाच एसी बंद ठेवा म्हणणं सात जणांच्या कुटुंबाला, त्यात एक सत्तरीच्या आजी, हे चालणारच नाही. मी खाली जाऊन काकांना म्हटलं, दिवसाचे पण वेगळे पैसे घ्या पण आजींच्या खोलीतला एसी चालू राहील. ते लगेच हो म्हणाले. हेच तर म्हणतो मी, विचारलं की हो म्हणणार होते तर मग लिहिलं काहून होतं?

कूलरचं मात्र काकांचं शंभर टक्के बरोबर. "कूलरमध्ये हात घालू नये" वाचून नाशिकचा भाचा हसला, पण ओल्या हातानं कूलरची बॉडी धरून शॉक बसल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. आणि बाहेरगावचे लोक टाकीत पाणी आहे की नाही न बघता पंप चालू ठेवतात, पंप जळतो, ताट्या (कूलरच्या बाजूंच्या गवताच्या जाळ्या) कोरड्या पडतात आणि मग गरम धूळ आत फेकली जाते आणि म्हणतात कूलर खराब आहे. काकांनी पहिल्याच दिवशी दाखवून दिलं, पाणी इथपर्यंत, आधी दहा मिनिटं नुसता पंप, ताट्या भिजल्या की पंखा, समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची नाहीतर दमट होतं. हे सगळं त्या कागदावर नव्हतं, कागदावर फक्त "हात घालू नये". जे शिकवायला पाहिजे ते लिहिलेलं नाही आणि जे धमकी वाटतं ते लाल मार्करनं.

आता सगळ्यात मोठं प्रकरण, "बाहेरच्या पाहुण्यांना प्रवेश नाही".

हा नियम जवळपास प्रत्येक भाड्याच्या घरात असतो आणि साधारण दिवसांत मला तो पटतो. सात जणांचं बुकिंग करून वीस जण झोपवणारे लोक आहेत, पाहिलेत मी. पण लग्नघर म्हणून घेतलेल्या फ्लॅटमध्ये? बुकिंग करताना मेसेजमध्ये मी स्पष्ट लिहिलं होतं, "लग्नासाठी पाहिजे, घरचे पाहुणे राहतील". उत्तर आलं "वेलकम". मग भिंतीवर वाचलं की बुकिंगमध्ये नाव नसलेली कोणतीही व्यक्ती आत आली तर माणशी पाचशे रुपये दंड. आता मावशी पुण्याहून आलीये, कित्येक वर्षांनी, तर तिची जाऊ इथल्याच महाल भागातून भेटायला येणार नाही का? नवरीची मैत्रीण मेंदी लावायला येणार नाही? मामा संध्याकाळी पत्रिकेचा गठ्ठा आणि संत्रा बर्फीचे डबे ठेवायला आला तर त्याला काय लिफ्टपाशीच उभं करायचं? पहिल्या संध्याकाळी वॉचमननं खरंच महालच्या काकूंना खाली थांबवलं आणि वर फोन केला, "साहेब, एक बाई आलीये, लिस्टमध्ये नाही." काकू ते ऐकून जी रुसली ती लग्नात जेवायला बसेपर्यंत.

मग मी खाली गेलो, काकांनी चहा ठेवला, आणि तिथे खरी गोष्ट कळली. मागच्या एकतीस डिसेंबरला कोणी तरी पोरं "फॅमिली" म्हणून बुकिंग करून आली, चार जणांचं बुकिंग, रात्री अकराला पंचवीस पोरं, स्पीकर, बाल्कनीतून बाटल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये काकांना सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, सेक्रेटरीनं पत्र दिलं की पुन्हा असं झालं तर हा धंदाच बंद. वर्ध्यात आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, त्यामुळं तिकडून खास "बसायला" फ्लॅट घेणारे पण येतात असं त्यांचं म्हणणं, मला त्यातलं किती खरं माहीत नाही पण त्यांची भीती खरी होती. काका बँकेतून रिटायर झालेले, मुलगा बंगळुरूला, हा फ्लॅट त्याच्यासाठी घेतलेला आणि तो काही परत यायचं नाव घेत नाही, मग रिकामा ठेवण्यापेक्षा असं. प्रत्येक नियमाच्या मागे एक माणूस आहे, ज्यानं कधी तरी तो त्रास दिलाय, आणि दंड मात्र पुढचे सगळे गिऱ्हाईक भरतात.

पार्टीचं म्हणाल तर घरं भाड्यानं लावून देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी पण हेच केलं. एअरबीएनबीनं ऑगस्ट २०२० मध्ये जगभर पार्ट्यांवर बंदी आणली आणि जून २०२२ मध्ये ती कायमची केली. म्हणजे काकांची भीती काही नागपुरी खुळचटपणा नाही. आणि रात्री दहानंतर शांतता हा नियम तर काकांचा नाहीच, तो २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमधला आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरवर बंदी, वस्तीच्या भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. आमच्याकडच्या पोरांनी साडेदहाला बाल्कनीत ब्लूटूथ स्पीकर लावला तर मीच बंद करायला लावला. या नियमाला माझे पूर्ण मार्क, तो अॅपवर पण लिहिलेला असता तर अजून बरं.

तर चहावर तडजोड अशी झाली की सकाळी नऊ ते रात्री नऊ भेटायला कोणीही येईल, वॉचमनच्या वहीत नाव लिहून, मुक्काम फक्त सात जणांचा. मी म्हटलं हेच व्हॉट्सअॅपवर लिहून द्या. लिहून दिलं. त्यानंतर शेवटपर्यंत एकदाही कटकट नाही. माझ्या मते हाच नियम भिंतीवर असायला पाहिजे, जसाच्या तसा. भेटायला येणारे आणि झोपायला येणारे यांच्यात फरक न करणारा नियम हा आळशीपणाचा नियम आहे.

ओळखपत्रांचं सांगतो. सातही जणांचे आधार कार्डचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागितले, पाच वर्षांच्या पोरीचं पण. ओळखपत्र मागणं बरोबरच आहे, कोण घरात राहून राहिलं हे मालकाला माहीत पाहिजे, उद्या पोलिसांनी विचारलं तर तो काय सांगणार. पण पूर्ण आधार नंबर व्हॉट्सअॅपवर फिरवायची काही गरज नाही. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार फुकट डाउनलोड होतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. किंवा मग लायसन्स द्या, वोटर कार्ड द्या. मी मास्क्ड पाठवले, काका आधी म्हणाले "हे अर्धवट काय", मग समजावून सांगितल्यावर मानले. पोरीचं काही दिलं नाही, त्यांनी पण परत विचारलं नाही.

एका बाबतीत मात्र काका एकदम पक्के निघाले. मावसभावाची बायको परदेशी पासपोर्टवाली आहे, ती एक रात्र तिथे राहणार होती. परदेशी नागरिक मुक्कामाला असला की घरमालकानं २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म, ज्याला सी-फॉर्म म्हणतात, ऑनलाइन भरायचा असतो, हे मोठमोठ्या गेस्टहाउसवाल्यांना माहीत नसतं. काकांनी तिचा पासपोर्ट आणि व्हिसा मागितला तेव्हा आमच्याकडचे एक-दोघं चिडले, पण हा नियम सरकारी आहे आणि न भरल्यास मालकच अडकतो. कॉम्प्युटरवर बसून त्यांनी स्वतः भरला. इथे पूर्ण मार्क आणि वर एक.

पण त्याच कागदावर पुढची ओळ: "अविवाहित जोडप्यांना प्रवेश नाही, पोलिसांचा नियम आहे, लग्नाचा पुरावा दाखवावा." आमच्यात काही प्रश्नच नव्हता, तरी काकांनी मावसभावाला लग्नाच्या सर्टिफिकेटबद्दल विचारलंच, सी-फॉर्म भरता भरता. त्याचं लग्न होऊन पोरगी शाळेत जाऊन राहिली. असा काही पोलिसांचा नियम नाहीये. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास हायकोर्टासमोर कोइम्बतूरच्या एका सर्व्हिस अपार्टमेंटचं प्रकरण आलं होतं, म्हणजे अगदी असंच भाड्याचं घर, ते सील केलं होतं, आणि कोर्टानं सांगितलं की लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषानं हॉटेलच्या खोलीत एकत्र राहायला मनाई करणारा कोणताही कायदा नाही. आता याचा अर्थ काकांनी कोणालाही ठेवलंच पाहिजे असा नाही, घर त्यांचं आहे, खाली ते स्वतः राहतात, नको वाटत असेल तर नको म्हणावं. ओयोनं जानेवारी २०२५ मध्ये मेरठपासून सुरुवात करून जोडप्यांकडे नात्याचा पुरावा मागायचं धोरण आणलं, त्यावर लोकांनी खूप शिव्या घातल्या, मला पण ते आवडलं नाही, पण निदान त्यांनी ते जाहीर तरी केलं. इथे दोन पोरं-पोरी पैसे भरून, बॅगा घेऊन, ट्रेनमधून उतरून दारात येणार आणि मग भिंतीवर वाचणार. आणि वरून पोलिसांचं नाव. तुमचा नियम तुमच्या नावावर सांगा ना, पोलिसांना काहून मध्ये आणता.

नॉनव्हेजचं थोडक्यात. घरात शिजवायचं नाही आणि बाहेरून आणायचं पण नाही. शिजवायचं नाही हे अॅपवर असतं तर मी म्हटलं असतं ठीक, सावजी मसाल्याचा वास पडद्यांत बसला तर आठवडाभर जात नाही, पुढचा गिऱ्हाईक शाकाहारी असू शकतो. पण पार्सल आणून बंद डब्यातलं खायचं पण नाही? नाशिकच्या मंडळींनी नागपूरला येऊन सावजी खायचं नाही, ही शिक्षाच झाली. आम्ही बाहेर जाऊन खाल्लं, घाम आणि तर्री एकत्र गळत होती, नाशिकचा मेव्हणा म्हणाला हे तिखट नाही हा हल्ला आहे. तर नुकसान काही झालं नाही, पण आजींना उन्हातून नेता आलं नाही आणि त्यांनी दहीभात खाल्ला. हा पण नियम पीडीएफमध्येच, आधी नाही.

आता चेक-आउट. इथे मात्र माझा पारा चढला. साफसफाईचे आठशे घेतले होते ना? भिंतीवर लिहिलेलं: जाताना सगळ्या चादरी आणि उशांचे अभ्रे काढून बाथरूममधल्या टोपल्यात ठेवावे, भांडी घासून पुसून जागेवर लावावी, फरशी पुसावी, फ्रिज रिकामा करून पुसावा, कचरा ओला-सुका वेगळा करून खाली नेऊन ठेवावा. अहो मग आठशे कशाचे? एअरबीएनबीनंच नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितलं होतं की पाहुण्यांना जाताना चादरी काढायला, कपडे धुवायला, व्हॅक्यूम करायला लावणं योग्य नाही, लाइट बंद करणं, उरलेलं अन्न कचऱ्यात टाकणं, दार लावणं एवढं मागणं ठीक. इतकी साधी वाटणी आहे. आपल्याकडे खरकटी भांडी तशीच सोडून जाणं तसंही कोणाला जमत नाही, मावशीनं न सांगता सकाळी सगळी घासून ठेवली. ओला-सुका वेगळा करणं पण मला पटतं, महानगरपालिकेची गाडी तसाच मागते आणि मिसळलेला कचरा घेऊन काकांनी तरी काय करायचं. पण फरशी? लग्न लागून रात्री दोनला आलेली माणसं सकाळी दहाच्या आत फरशी पुसणार? मी पुसली नाही. लिहून ठेवतो, पुसली नाही, आणि त्याबद्दल काही कापलं पण नाही.

कापलं ते टॉवेलचं. हळदीच्या दिवशी कोणी तरी पांढऱ्या टॉवेलला हात पुसले, आता लग्नघरात कोण ते शोधणार. दंड पीडीएफमध्ये: टॉवेल डाग, दीड हजार प्रति नग. दीड हजारात इतवारीच्या बाजारातून तसे तीन येतील. डाग आमच्या माणसाचा, भरपाई द्यायची होतीच, पण वस्तूची किंमत आणि दंडाची किंमत यांचा काही तरी संबंध पाहिजे. मी टॉवेलचं लेबल काढून, ऑनलाइन भाव दाखवून विचारलं, काका म्हणाले चारशे द्या. दिले. बाकीचं डिपॉझिट त्याच संध्याकाळी यूपीआयवर परत, एक पैसा कमी नाही, हे पण लिहिलंच पाहिजे, कारण डिपॉझिट परत मिळवायला लोकांना किती फोन करावे लागतात ते आपल्याला माहीत आहे. आणि काकांना एक सूचना केली, लग्नवाल्यांना दोन जुने गर्द रंगाचे टॉवेल वेगळे देऊन ठेवा, हळद-मेंदीला हेच वापरा म्हणून सांगा. त्यांना ती कल्पना एकदम आवडली, दंडापेक्षा स्वस्त पडते. केलं की नाही देव जाणे.

कॅमेऱ्याबद्दल विचारणारे असतात म्हणून: दाराबाहेर पॅसेजमध्ये एक आहे, अॅपवर लिहिलेला होता, फोटोत पण दिसतो. आत काही नाही, मी स्मोक डिटेक्टर, चार्जर, घड्याळ सगळं तपासलं, सवय आहे. एअरबीएनबीनं तर ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरा ठेवायलाच बंदी केली, सांगून ठेवला तरी नाही. बाहेरचा सांगितलेला असेल तर चालतो. काकांनी हीच एक गोष्ट अशी केली की आधी सांगितली, नीट सांगितली, आणि गंमत म्हणजे त्याबद्दल आमच्यात एकानंही तक्रार केली नाही.

चेक-इन दुपारी एक हा नियम मला रास्त वाटतो, आधीचे दहाला जाणार आणि मधल्या वेळात घर साफ होणार. पण रेल्वेनं येणाऱ्यांना पहाटेची गाडी असते. काकांनी सामान सकाळीच खाली त्यांच्या हॉलमध्ये ठेवू दिलं, आजींना तिथेच आडवं होऊ दिलं, काकांच्या घरच्या काकूंनी तर्री पोहे मागवले आणि पैसे घेतले नाहीत. हा माणूस भिंतीवर "दंड पडेल" असं लाल मार्करनं लिहितो, आणि हाच माणूस अनोळखी म्हातारीला कूलरसमोर गादी घालून देतो. त्या कागदाचा आणि त्या माणसाचा काही मेळच लागत नाही. बहुतेक तो कागद त्यांनी त्या एकतीस डिसेंबरच्या रात्रीच टाइप केला असणार.

मार्क द्यायचे तर घराला साडेचार, मालकाला चार, नियमावलीला दीड, आणि तो दीड सी-फॉर्म आणि कॅमेऱ्यामुळं. पुन्हा घेईन का, तर हो, पण आधी पीडीएफ मागवून. अॅपच्या चॅटमध्येच मागा, फोनवर नको, म्हणजे नंतर कोण काय म्हणालं याचा पुरावा राहतो. लग्नासाठी घेत असाल तर तीन गोष्टी पैसे भरायच्या आधी लेखी घ्या: भेटायला येणारे लोक, दिवसाचा एसी, आणि हळदीचं काय करायचं. डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या वेळी किंवा दसऱ्याला दीक्षाभूमीच्या गर्दीत जात असाल तर भाव वाढलेला असेल आणि तडजोडीला जागा कमी, हे काकांनीच सांगितलं.

पार्किंग एकाच गाडीचं आहे, पिलर नंबर लिहिलेला नाही, वॉचमनला विचारा. दुसरी गाडी बाहेर लावावी लागते, समोरच्या बंगल्याच्या गेटपुढे लावू नका, ते आजोबा पहाटे पाचला बेल वाजवतात. आणि मोठी गाडी असेल तर रॅम्प अरुंद आहे, आरसे आत घेऊनच उतरा.